दोन धाकट्या

२ सप्टेंबर

स. न. वि. वि.

आपल्या उद्योगिनी संघटनेच्या ‘थोरली-धाकटी’ उपक्रमात आपलं स्वागत. धंद्यात मुरलेली एक बाई आणि नवखी एक बाई, अशी जोडी आम्ही लावतो. आपली जोडी क्रमांक सत्तेचाळीस.

नियम थोडेच आहेत, पण ते पाळावेत ही विनंती. पत्रं हाताने लिहावीत आणि कार्यालयात आणून द्यावीत, पुढे आम्ही पोचवू. नाव-आडनाव लिहू नये, फक्त धंदा सांगावा. (मागे एका जोडीची पहिली चार पत्रं कोणाची आत्या कोणाच्या घरी दिली आहे यातच संपली.) सहा महिने भेटू नये. दोघींनीही एकमेकींना ‘ताई’ म्हणावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, थोरलीने सल्ला देऊ नये, प्रश्न विचारावेत. उत्तर धाकटीने शोधून लिहून पाठवावं. अकरा वर्षांत आम्ही पाहिलं आहे की सांगितलेलं उत्तर बाई घरी जाईपर्यंत विसरते, स्वतः शोधलेलं मात्र वापरते.

हेच छापील पत्र जोडीतल्या दोघींना पाठवत आहोत.

आपली,
सचिव

(हाताने) घाईत आहे, प्रदर्शनाच्या खुर्च्या कमी पडल्यात. काही अडलं तर कळवा.

•

५ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

मी कुलूपवाली. कुलुपं दुरुस्त करते, किल्ल्या घासते, अडकलेली दारं उघडून देते. चौदाव्या वर्षी बाबांच्या हाताखाली बसले, त्याला बावीस वर्षं झाली. बाबा मार्चमध्ये गेले. दुकान एवढंसं आहे, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि विचारतं, “कारागीर कधी येतील?” मी म्हणते, “आलेत, बसा.”

आता मुद्द्याचं. दुकान माझ्या आणि दादाच्या, दोघांच्या नावावर आहे. दादाची नोकरी आहे, त्याला कुलपातलं काही कळत नाही. त्याच्या मेहुण्याला तिथं मोबाइलची कव्हरं विकायची आहेत, आणि वहिनीनं त्यासाठी घर डोक्यावर घेतलंय. दादा मला म्हणाला, “तू त्या संघटनेत जातेस ना? तिथल्या एखाद्या जाणत्या बाईनं लिहून दिलं की दुकान तुझ्या एकटीच्या जिवावर चालेल, तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर दहा ऑक्टोबरला जागा मेहुण्याची.”

म्हणून मी तुमच्या उपक्रमात फॉर्म भरला. नियम वाचलाय, तुम्ही सल्ला देत नाही. पण एवढा एकच द्या. दुकान चालवू की सोडू?

मला काय वाटतं ते सांगून ठेवते. कुलूप उघडताना आतली लिव्हर सुटते ते आधी बोटांना कळतं, मग कानांना. ते मला सोडायचं नाहीये. दादाला असं सांगितलं तर तो हसेल, म्हणून सांगितलं नाही.

आपली,
कुलूपवाली

•

१० सप्टेंबर

सचिव बाई,

सोबत माझ्या थोरलीसाठी पत्र आहे, पोचवावं. फार हुशार बाई दिली आहेत तुम्ही मला! मी शिकाऊ, मेणबत्त्या करायला लागून आठ महिने झालेत, तेव्हा काहीतरी सोपं विचारतील असं वाटलं होतं. पण त्यांनी एका कुलूपवालीची अख्खी गोष्ट रचून तिच्यावर प्रश्न टाकलाय. एकतीस वर्षं मी शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या, पण इतका खराखुरा वाटणारा उतारा मला कधी जमला नाही.

(ही चिठ्ठी तुमच्यासाठीच आहे, त्यांना दाखवू नका. लाज वाटते.)

•

१० सप्टेंबर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मेणबत्तीवाली. तुमचं पत्र आलं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचून काढलं. एकतीस वर्षांत असा प्रश्न माझ्यासमोर आला नव्हता. दादा, वहिनी, मेहुणा, सगळी माणसं कशी डोळ्यांपुढे उभी केलीत! लिव्हर सुटल्याचं बोटांना कळतं, ही ओळ तर मी शेजारणीलाही वाचून दाखवली.

उत्तर मात्र मी आज देत नाही. आधी नीट वाचावं, मग विचार करावा आणि मग लिहावं, हे मी माझ्या मुलींना इतक्यांदा सांगितलंय की आता मोडता यायचं नाही.

तोवर माझे दोन प्रश्न पुढे ठेवते. पहिला, मेण ओतलं की वात हमखास एका बाजूला जाते. मग मेणबत्ती एकीकडूनच जळते आणि दुसरीकडची भिंत तशीच उभी राहते. वात मधोमध कशी ठेवावी? दुसरा, मेणबत्ती साच्यात घट्ट बसते आणि काही केल्या निघत नाही. साचा फोडावा का? चांगला साचा आहे, जीव होत नाही.

घरी सगळं ठीक. सून चांगली आहे.

आपली,
मेणबत्तीवाली

•

१४ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

एकतीस वर्षं! तुमच्या हाताखाली मुलीही आहेत म्हणजे मोठा कारखाना असणार. एवढ्या व्यापातून तुम्ही मला लिहिता याचं फार बरं वाटलं.

तुमचे दोन प्रश्न मी चारदा वाचले. नियमाप्रमाणे तुम्ही विचारणार आणि मी शोधणार, हे मला मान्य आहे, पण खरं सांगू का, डोकं चालेना. एकतीस वर्षं मेणबत्त्या करणारीला वात मधोमध ठेवता येत नाही असं होणार नाही. म्हणजे यात काहीतरी मुरलंय. वात म्हणजे मी असेन. मी दादाच्या बाजूला कलते म्हणून माझं एकाच अंगानं जळतं, असं म्हणायचंय का? मग ती उभी राहिलेली भिंत कोण? वहिनी?

मला असलं गूढ जमत नाही हो. सरळ मेणबत्तीचंच विचारलं असेल तर सरळ सांगते. वातीच्या खालच्या टोकाला एक छोटा लोखंडी नट बांधा, वर साच्यावर काडी आडवी टाकून तिला वात ताणून बांधा. दोन्हीकडून ताण असला की मध्येच राहील. आणि साचा फोडू नका. माझ्याकडे कुलपात अडकलेल्या किल्ल्या येतात. लोक जोर लावतात आणि किल्ली मोडून येतात. थंड होऊ द्यायचं, हात काढून बसायचं. मेणाचंही तसंच असावं, थोडा वेळ गार जागी ठेवून बघा.

पण साच्याच्या प्रश्नानं मी जास्त घाबरले आहे. साचा म्हणजे बाबांचं दुकान का? मी त्यात अडकून बसलेय, असं तर तुम्हाला म्हणायचं नाही? याच विचारात काल मी एका बाईला तिच्या कपाटाची किल्ली उलटी घासून दिली. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

दहा तारीख जवळ येतेय. एक ओळ लिहा ना.

कुलूपवाली

•

१९ सप्टेंबर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. नटानं काम केलं! वात अशी ताठ उभी राहिली की मी टाळीच वाजवली. साचाही वाचला. तुमच्या पत्रातलं वातीचं आणि भिंतीचं मला नीटसं कळलं नाही, पण तुम्ही गमतीनं लिहिलं असणार. हातात कला असली की माणसाला गंमत सुचते.

आता उत्तर. आठ दिवस विचार केला, कच्चं लिहिलं, खोडलं, आणि आता पक्कं लिहिते आहे.

प्रश्न : कुलूपवालीने दुकान चालवावे की सोडावे?

उत्तर : सोडावे.

कारण पहिलं, घरची माणसं तोंडानं काही बोलत नसली तरी त्यांच्या मनाविरुद्ध धंदा करण्यात सुख नसतं. दारातून आत आलं की त्यांची नजर आधी सामानाकडे जाते, मग आपल्याकडे. कारण दुसरं, जागा पूर्ण आपली नसेल तर माणूस सारखा आवरत राहतो. रोज दुसऱ्याच्या ओट्यावरून आपली भांडी उचलायची, डाग घासायचे आणि सॉरी म्हणायचं, याला काम म्हणत नाहीत. कारण तिसरं, आवड वेगळी आणि धंदा वेगळा. आवड घरात एखाद्या कोपऱ्यातही भागते. ती भागवण्यासाठी घरातल्या सगळ्यांना वेठीला धरू नये.

लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. कळवा, बरोबर आहे का?

आपली,
मेणबत्तीवाली

•

२४ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. मी थोडक्यातच लिहिते.

थोरली सल्ला देत नाही असा संघटनेचा नियम. तो मोडून तुम्ही ‘सोडावे’ असं स्वच्छ लिहिलंत. म्हणजे माझं किती चुकत असेल, नाही का? नियम मोडण्याइतकं चुकत असेल. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले.

ओट्याचं मात्र समजलं नाही. दुकानात ओटा नाही. पण तुम्ही एवढं पाहिलेलं आहे, तेव्हा काहीतरी अर्थ असेल, असं म्हणून सोडून दिलं.

पत्र दादाला नेऊन दिलं. म्हटलं, थोरल्या म्हणतात तसंच करू या. मला वाटलं होतं तो सुटल्यासारखा होईल. त्यानं दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “असं कसं लिहिलं त्यांनी?” मग चहा तसाच ठेवून निघून गेला. वहिनी मात्र त्या दिवशी माझ्याशी फार गोड बोलली.

मेहुण्यानं काचेची कपाटं सांगून टाकली आहेत. मी किल्ल्या टांगायचे आकडे भिंतीवरून काढायला घेतलेत. तुम्हाला असं काय दिसलं, जे मला बावीस वर्षांत दिसलं नाही?

कुलूपवाली

•

२८ सप्टेंबर

ताई, सप्रेम नमस्कार.

वा! मला वाटलं होतं माझ्या उत्तराखाली गुण पडतील, पण तुम्ही तर गोष्टच पुढे नेलीत. शटर अर्धं ओढून रडते, हे वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मी स्वतःला दटावलं की बाई, हा उतारा आहे.

तरीही गुण कळवाच. दहापैकी किती? सातापेक्षा कमी असतील तर कुठं कापले तेही लिहा. कोणी माझे पेपर तपासलेत याला आता कितीतरी वर्षं झाली.

एक सुचवू का? राग मानू नका. गोष्टीतली बाकीची माणसं पटतात, पण तुमचा दादा पटत नाही. ज्याला जागा मेहुण्याला द्यायचीच आहे तो सरळ देऊन मोकळा होईल. परक्या बाईचं पत्र आणायची अट कशाला घालेल? आणि मग मनासारखं उत्तर आल्यावर चहा न पिता का जाईल? अशी अट तोच घालतो, ज्याला दुसऱ्याच्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं असतं. वर्गात अशी मुलं असायची. “बाई, तुम्हीच सांगा ना आमच्या घरी,” म्हणायची. या पात्राकडे पुन्हा एकदा बघा.

आपली,
मेणबत्तीवाली

•

१ ऑक्टोबर

सचिव बाई,

जोडी सत्तेचाळीसमधल्या माझ्या थोरलीला काय झालंय ते कृपा करून बघा. त्यांनी मला दुकान सोडायला सांगितलं. मी सोडतेय. भिंत रिकामी केली. आणि आता त्या मला विचारताहेत की दहापैकी किती गुण देता? माझ्या सख्ख्या भावाला त्या पात्र म्हणतात. मी रडले त्याचं कौतुक करतात. त्या आजारी आहेत का? की मोठ्या धंदेवाल्या बायका अशाच बोलतात आणि मलाच कळत नाही? माझं डोकं भणभणायला लागलंय. दहा तारखेला जागा द्यायची आहे.

कुलूपवाली

•

४ ऑक्टोबर

जोडी क्रमांक सत्तेचाळीस, दोघींनाही,

हे पत्र छापील नाही. हातानं लिहिते आहे आणि दोन प्रती करते आहे, म्हणजे दोघींना एकच मजकूर मिळेल.

चूक माझी आहे. कुलूपवाली बाई धाकट्या आहेत, हे बरोबर. मेणबत्तीवाली बाई थोरल्या नाहीत. त्याही धाकट्याच आहेत. फॉर्मवर ‘अनुभव किती वर्षे’ असा रकाना आहे. मेणबत्तीवाली बाईंनी त्यात प्रामाणिकपणे एकतीस लिहिलं, कारण त्यांनी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. मी आकडा पाहिला आणि फॉर्म थोरल्यांच्या गठ्ठ्यात टाकला. कशाचा अनुभव, हे आम्ही विचारतच नाही. अकरा वर्षांत कोणाच्या हे लक्षात आलं नाही. दोघींना एकच छापील पत्र गेल्यामुळे दोघींनीही समोरचीला थोरली धरलं. मेणबत्तीवाली बाईंनी दहा सप्टेंबरला मला एक चिठ्ठी पाठवली होती. ती वाचली असती तर सगळं त्याच दिवशी कळलं असतं. ती आज प्रदर्शनाच्या खुर्च्यांच्या कागदांत सापडली.

म्हणजे मेणबत्तीवाली बाई, कुलूपवालीचं दुकान खरं आहे. दादाही खरा आहे. आणि कुलूपवाली बाई, मेणबत्तीचे प्रश्न मेणबत्तीचेच होते.

मी तुम्हा दोघींची माफी मागते. तुम्हाला खरी थोरली लगेच मिळवून देते.

सचिव

•

५ ऑक्टोबर

ताई,

काय तोंडानं लिहू?

सचिव बाईंचं पत्र वाचलं आणि तशीच कार्यालयात गेले. तुमचा पत्ता मागितला. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी बाकावर तीन तास बसून राहिले. शेवटी त्यांनी मला चहा दिला, स्वतःही रडल्या, पण पत्ता दिला नाही. म्हणून हे इथंच, त्यांच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. आजच पोचवते म्हणाल्यात.

ताई, ते उत्तर रद्द समजा. उतारा म्हणून लिहिलं होतं. तुम्ही खऱ्या आहात हे कळलं असतं तर मी सोडा की धरा, काहीच लिहिलं नसतं. मला कुलपातलं काय कळतं? म्हणूनच आता घाबरून ‘चालवा’ असंही लिहून देत नाही. तेही खोटंच होईल.

पण उतारा म्हणून लिहिलं, हेसुद्धा पूर्ण खरं नाही. तुम्ही ओट्याचं विचारलंत. ओटा माझ्या सुनेचा आहे. मी तिच्या स्वयंपाकघरात मेण वितळवते. ती काही म्हणत नाही, पण मी भांडी उचलली की ओटा पुसून घेते. मी एकदा पुसलेला असला तरी. ती तीन कारणं मी तुमच्यासाठी शोधली नव्हती. ती माझ्या मनात कधीची तयार होती. कोणीतरी मला ‘सोडा’ म्हणावं म्हणून मी वाट बघत होते, आणि कोणी म्हणेना, म्हणून मी तुम्हाला म्हटलं. हात अडखळला नाही तो यामुळे. मला माझी फार लाज वाटते.

एक गोष्ट मात्र मी मागे घेत नाही. तुमच्या दादाबद्दल जे लिहिलं ते. तो पात्र आहे असं समजत होते तेव्हा खटकलं होतं, खरा आहे हे कळल्यावर तर जास्तच खटकतं. त्याला विचारा. मला गुण नकोत, पण एवढं करा.

मेणबत्तीवाली

•

१६ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

उशीर झाला, पण इकडे रोज काहीतरी होत होतं. क्रमानं सांगते.

सचिव बाईंचं पत्र आलं तेव्हा मी तुमच्यावर भयंकर चिडले. तुमचं आलं तेव्हा त्याहून जास्त चिडले. बावीस वर्षं केलेलं काम मी कोणाच्या शब्दावर सोडायला निघाले होते, तर आठ महिने मेणबत्त्या करणाऱ्या बाईच्या! मग लक्षात आलं की तुम्ही मला काही करायला लावलं नव्हतं. तुम्ही फक्त लिहिलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात. विश्वास माझा मीच ठेवला. तुमच्याऐवजी खरी थोरली असती आणि तिनं ‘सोडा’ म्हटलं असतं, तर मी आयुष्यभर तिला बरोबर समजत राहिले असते.

उत्तर रद्द झालं तरी ‘चालव’ असं पत्र माझ्या हातात नव्हतंच, म्हणून नऊ तारखेला दादा ठरल्याप्रमाणे सामान काढायला आला. मी किल्ल्यांचे जुडगे देत होते आणि तो खोक्यात भरत होता. तुमचं वाक्य डोक्यात घोळत होतं. मी विचारून टाकलं, “दादा, तुला जागा द्यायचीच होती तर अट कशाला घातलीस?”

त्यानं हातातला जुडगा खोक्यात टाकला. मग म्हणाला, “मला वाटलं, कुठलीही शहाणी बाई ‘चालव’ असंच लिहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? ते पत्र घरी दाखवलं असतं. म्हटलं असतं, बघा बुवा, एवढ्या मोठ्या संघटनेची बाई सांगतेय, आता माझा काय इलाज आहे? तुझी वहिनी गप्प बसली असती.”

“तुला दुकान बंद करायचं नव्हतं?”

“बाबांचं दुकान आहे. मला कशाला बंद करायचं असेल?”

“मग तोंड उघडून सांगितलं का नाहीस?”

त्यावर तो असा उसळला! “तू कुठं सांगितलंस? तू तर पत्र आणून हातात ठेवलंस आणि वर म्हणालीस, थोरल्या म्हणतात तसंच करू या! मला वाटलं, हिलाच कंटाळा आलाय. बिचारी सुटायला बघतेय, कशाला अडवू?”

ताई, मी हातातले जुडगे खाली ठेवले. एकाच आईबापाची दोन मुलं आम्ही. दोघांना एकच हवं होतं, आणि ते एकमेकांना सांगायला आम्ही एक परकी बाई शोधत होतो. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. दादा खोक्यावर बसला. खोकं दबलं, किल्ल्या जमिनीभर झाल्या, आणि आम्ही दोघं खाली बसून त्या वेचत राहिलो. तेव्हा मी त्याला सचिव बाईंच्या चुकीचं सगळं सांगितलं आणि लिव्हरचंही, बोटांना कसं कळतं ते. हसला नाही. म्हणाला, बाबाही असंच म्हणायचे.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. दहा तारखेला मेहुणा येणार. दादाचा चेहरा उतरला. मला म्हणाला, “ऐक ना, त्या सचिव खरी थोरली देतायत म्हणालीस ना? तिचं एक पत्र मिळेल का? दोन ओळी पुरे.”

ताई, मला मोह झाला. मिळालं असतं पत्र. सचिव बाईंनी त्या अवस्थेत काहीही मिळवून दिलं असतं. पण मी नाही म्हटलं. म्हटलं, “दादा, आता कोणाचंही पत्र नाही. मी चालवणार आहे, हे मी तुला सांगितलं. आता तू त्यांना सांग.”

मेहुणा टेप घेऊन आला, मागे हातगाडीवर काचेची कपाटं. दादा दारात उभा राहिला. भिंतीकडे बघत बोलला, पण बोलला. “दुकान हिचं आहे. हीच चालवणार. मला तसं आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं.” मेहुणा म्हणाला, “अहो, पण ते पत्र? तुम्हीच तर खिशातून काढून दाखवलंत!” दादानं खिसा चाचपला. मग म्हणाला, “ते पत्र मेणबत्त्यांबद्दल होतं.” मेहुण्याला काही म्हणजे काही कळलं नाही. हातगाडीवाल्याला घेऊन गेला. मला त्याची खरंच दया आली. कपाटं ठेवायला त्याला दुसरी जागा बघून द्यायची असं दादानं आणि मी ठरवलंय.

दुकान चालेल का? मला माहीत नाही. कारागीर कधी येतील, हे आजही एकानं विचारलं. पण आता निदान चाललं तर माझं चालेल आणि बुडलं तर माझं बुडेल.

सचिव बाईंनी फॉर्मवरचा रकाना बदललाय, ‘अनुभव कशाचा’ असं हातानं लिहून घेतलंय. मला खरी थोरली देऊ का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, जोडी बदलू नका. दोन धाकट्यांची जोडी त्यांच्या वहीत बसत नाही. बसवा म्हटलं.

तुमचंही राहिलंच. मी सल्ला देत नाही, नियम आहे. फक्त विचारते. सुनेला ओट्यावर मेण नको आहे, की सासूबाई तिच्याशी न बोलता भांडी उचलतात ते नको आहे? हे तुम्ही तिला विचारलंय, की तिच्यासाठीही उत्तर तुम्हीच लिहिलंय? आणि तुम्हाला सोडायचंय का? त्या दिवशी वात ताठ उभी राहिली तेव्हा टाळी कोणी वाजवली होती?

आणि आता माझा एक. वहिनी आज सहा दिवस माझ्याशी बोलत नाहीये. दादाशीही कामापुरतंच. तो दुपारचा डबा घेऊन माझ्या दुकानात येऊन बसतो आणि माझ्या कानशी इकडच्या तिकडे करून ठेवतो. ती आपण होऊन बोलेल म्हणून थांबू, की मीच जाऊ? हा उतारा नाही, खरा प्रश्न आहे. या वेळी उत्तर लिहायच्या आधी मला चार प्रश्न विचारा.

तुमची,
कुलूपवाली